पाच शतांश

ऐंशीवरून ब्रेक दाबला
की स्टिअरिंग थरथरायचं,
आणि मी समजत होतो, हात माझेच.
चौसष्टावं चालू आहे,
वडिलांची बशीही शेवटी अशीच वाजायची.
जळगावच्या डॉक्टरची चिठ्ठी
खिशात घालून आठ दिवस फिरलो.
कुणाला बोललो नाही.
गाडी मात्र दाखवली.

भडगाव रोडला, सरकीच्या गोदामाशेजारी,
रज्जाक पिंजारीचं गॅरेज.
त्याचा बाप गाद्या पिंजायचा;
धनुकलीच्या तातीचा सूर ऐकून सांगायचा
कापसात ओल किती, कचरा किती.
रज्जाक चप्पल काढून
अनवाणी पाय पेडलवर ठेवतो.

गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आला.
"घाट उतरनात का इतल्यामा?"
उतरलो होतो. कन्नडहून, मेच्या दुपारी,
मागे तिघं, डिकीत आंब्याच्या चार पेट्या.
"पाय ब्रेकवरच?"
सगळा घाट.
गिअर चौथा. इंजिनाला म्हटलंच नाही
की तूही धर जरा.
"नि खाले?"
खाली टपरीशी थांबलो, उतारावरच,
पाय तसाच दाबून.
जळका वास आला, म्हणून बादली मागितली
आणि चाकांवर ओतली. चर्र झालं.
बरं वाटलं होतं तेव्हा.

तो काही बोलला नाही.
रिकाम्या तापल्या तव्यावर कुणी गार पाणी ओतलं
की घरातली बाई एकदाच बघते,
तसं बघितलं.

चाक काढलं. पाच नट, पाच तऱ्हांचे घट्ट:
पंक्चरवाल्या पोराने गनने
एका दमात कसलेले.
चुंबकाच्या पायावर डायल गेज उभं केलं,
टोक चकतीला टेकवलं,
चकती हाताने सावकाश फिरवली.
काटा गेला, आला.
गेला, आला.
बारा शतांश मिलिमीटर.
"पाचपर्यंत चालस."
दीड-दोन केसांची जाडी,
आणि मी तिकडे मृत्युपत्राचा मसुदा करत होतो.

मग चकती काढून हब दाखवला:
गंजाचा पापुद्रा, नखाने निघेल एवढा.
यावर नवीकोरी चकतीसुद्धा तिरपीच बसणार.
आणि चकतीवर निळसर डाग, हुबेहूब पॅडच्या आकाराचा,
जिथे तापलेला थांबलो होतो
तिथला ठसा.
लोक म्हणतात वाकली. पुष्कळदा ती वाकत नाही,
तिला आपलं थांबणं चिकटतं.

लेथवर घासून घेता आली असती,
पण काठावर कोरलेल्या आकड्याखाली जायचं नसतं
आणि माझी आधीच तिथे पोचलेली.
नव्या घातल्या. एकच बदलून भागेल का, विचारलं
तर म्हणाला, सोनाराकडे
एका पायाचं जोडवं मागता का?
हब तारेच्या ब्रशने उजळेपर्यंत घासला.
नट फुलीने, समोरासमोर,
टॉर्क पान्याचा टक् येईस्तोवर.

पॅडही नवे. म्हणून पाचोऱ्याच्या रस्त्याला
साठवरून दहा, साठवरून दहा,
आठ वेळा, मध्ये कुठेही पूर्ण न थांबता.
मग नुसतं वारं खात परत.
स्टिअरिंग इतकं गप्प
की मी बोटं उचलून बघितली.

"थरथर तिनी व्हती भाऊ, तुमनी नही."

पोराने चहा आणला.
मी कपबशी उचलली.
किणकिण.
अगदी बारीक. पाचच्या आतली असेल.
रज्जाकने ऐकली.
ऐकणारच, पिंजाऱ्याचा मुलगा.
मान खाली घालून तो बिल लिहीत राहिला,
लेथचे पैसे नाहीत, धुण्याचे नाहीत,
चहाचे तर नाहीतच.

मी चिठ्ठीवरची तारीख पुन्हा वाचली.
गुरुवार, साडेअकरा.
"जळगाव जानं शे का?" त्याने विचारलं.
गाडीनेच जाईन म्हटलं.
"मंग जा. रस्ता सपाट शे."